थिरथिरा इकडे येतो तेव्हा लडाखला जायचं: हिवाळी पक्षीनिरीक्षणाची पहिली सहल

ऑक्टोबर सरता सरता आपल्या अंगणात थिरथिरा येतो. कुंपणाच्या तारेवर बसून शेपूट थरथरवत किडे टिपणारा हा काळा-तांबूस पाहुणा. उन्हाळ्यात तो हिमालयात, लडाखच्या दगडधोंड्यांत घरटं करतो. उजनीला भिगवणच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब आणि चक्रवाकही तिकडच्या उंच सरोवरांवर वीण करणारे. म्हणजे हिवाळ्यात लडाखचे बरेचसे पक्षी आपल्याकडे असतात. मग आपण तिकडे जानेवारीत कशाला जायचं?

कारण तिकडची खिंड-शिखरं रिकामी होतात तेव्हा वरचे पक्षी खाली उतरतात. थिरथिऱ्याचा एक मोठा भाऊबंद आहे, गुल्डेनस्टाट्स रेडस्टार्ट. काळं अंग, पांढरी टोपी, पंखावर पांढरा पट्टा, पोट विटकरी. उन्हाळ्यात त्याच्यासाठी 5,000 मीटरच्या आसपास धापा टाकत चढावं लागतं. जानेवारीत तोच पक्षी लेहजवळ सिंधूकाठी, रस्त्यापासून पाच मिनिटांवर, नारिंगी फळांनी लगडलेल्या काटेरी झुडपावर बसलेला असतो. हिवाळी लडाखची ही किल्ली आहे. आपण पक्ष्यांच्या मागे डोंगर चढायचा नाही. ते जिथे उतरणारच आहेत तिथे आधी जाऊन थांबायचं. पुढचं सगळं नियोजन याच एका गोष्टीवर बेतलं आहे.

1. केव्हा आणि किती दिवस

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. डिसेंबरमध्येही जाता येतं, पण बर्फ आणि थंडी जितकी पक्की, तितके पक्षी खाली जमलेले. लेहमध्ये रात्री उणे 15 ते 20 अंश हे नेहमीचं. दुपारी उन्हात बसलं तर स्वेटर उतरवावासा वाटतो आणि सावलीत गेलं की बोटं बधिर होतात. हे दोन्ही एकाच तासात घडतं.

किमान नऊ दिवस काढा. सात दिवसांच्या सहली विकल्या जातात, पण त्यातले दोन दिवस शरीराला उंचीची सवय होण्यात जातात आणि एक दिवस विमानाच्या बेभरवशापोटी राखून ठेवावा लागतो. उरलेल्या चार दिवसांत धावपळच होते, आणि धावपळ करणाऱ्याला हिवाळी लडाख फार कमी दाखवतं.

हिवाळ्यात श्रीनगरकडची झोजिला खिंड आणि मनालीकडचा रस्ता बर्फामुळे बंद किंवा बेभरवशाचा असतो, त्यामुळे विमानच धरायचं. दिल्लीहून साधारण सव्वा तासाचं उड्डाण आहे. जाताना खिडकीची जागा घ्या. बर्फ पडला किंवा ढग दाटले की उड्डाणं रद्द होतात, म्हणून दिल्लीहून पुण्या-मुंबईचं परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. मी एकदा काढलं होतं. ते पैसे गेलेच, शिवाय शेवटचे दोन दिवस पक्षी सोडून आकाशाकडे बघण्यात गेले.

2. निघण्याआधीची तयारी

आधी डॉक्टर. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. हृदयविकार, फुप्फुसांचा त्रास, आवाक्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी अनेकजण घेतात. ती कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

मग कपडे. इथे आपल्या लोकांची एक सवय आड येते: एकच जाडजूड जाकीट घेतलं की झालं. खरं काम थर करतात. आत अंगाला घट्ट थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, त्यावर पिसांचं जाकीट, आणि वारा अडवणारं एक पातळ कवच. सुती बनियन आणि सुती मोजे घरी ठेवा. घामाने ओले झाले की ते वाळत नाहीत आणि ओला कपडा थंडी आत ओढून घेतो. बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे दोन जोड मोजे घालूनही बोटं हलवता येतात. पाय आवळले की रक्त फिरत नाही, मग कितीही लोकर घाला, उपयोग होत नाही.

हातांसाठी दोन जोड हवेत. आत पातळ मोजे, ज्यांत दुर्बिणीचं चाक फिरवता येईल. वर चारही बोटं एकत्र राहतील असे जाड. उघड्या बोटांनी धातूच्या ट्रायपॉडला हात लावू नका. कानटोपी आणि गॉगल लागतातच; बर्फावरून उलटणारं ऊन डोळे भाजून काढतं. रंग मातकट, राखाडी निवडा. लाल-पिवळं जाकीट घातलेला माणूस उघड्या खोऱ्यात फार लांबून दिसतो.

हे सगळं इथूनच घेऊन जा. हिवाळ्यात लेहच्या बाजारात बरीच दुकानं बंद असतात.

दुर्बीण 8x42 पुरेशी आहे. गटात कुणाकडे स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची एकडोळी दुर्बीण, असेल तर तो जरूर न्या. नदीपलीकडच्या दगडांत आणि कड्यांवर त्याचाच उपयोग होतो. जास्तीच्या बॅटऱ्या घ्या आणि त्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. थंडीत बॅटरी पाहता पाहता मान टाकते. मोबाइलचं पोस्टपेड कार्ड न्या, बाहेरची प्रीपेड कार्डं तिथे चालत नाहीत.

खाऊ म्हणून डिंकाचे लाडू आणि चिक्की नेली तर उत्तम. मात्र लाडू पाठपिशवीत ठेवला तर दगड होतो. तोही बॅटरीसारखा जाकिटाच्या आत ठेवावा.

परवान्यांचे नियम बदलत असतात. हेमिस राष्ट्रीय उद्यान आणि पूर्वेकडचं, चीनच्या सीमेजवळचं हानले गाव या दोन्हींसाठी त्या वेळी काय लागतं ते लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहा, किंवा ज्यांच्याकडे उतरणार त्यांना विचारा. आधारच्या चार-पाच प्रती जवळ ठेवा. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनी हानलेचा बेत आखण्याआधी आपल्यासाठीचे नियम स्वतंत्रपणे विचारून घ्यावेत.

3. पहिले दोन दिवस: खोलीची खिडकी

विमानतळावरून थेट खोलीवर जा आणि पडून राहा. बरं वाटतंय म्हणून बाजारात फिरायला गेलेला माणूस त्याच रात्री डोकं धरून बसतो. उंचीचा त्रास बहुधा काही तासांनी जाणवतो, त्यामुळे पहिल्या दुपारच्या उत्साहावर विश्वास ठेवायचा नाही. कोमट पाणी पीत राहा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. पहिल्या दोन दिवसांत आंघोळीचा आग्रहही सोडा.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे थोडंफार होतं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात जा. अशा त्रासाची तिथल्या डॉक्टरांना चांगली माहिती असते.

हे दोन दिवस वाया जात नाहीत. खिडकीपाशी खुर्ची घ्या. निष्पर्ण पॉपलरवर मॅगपाय येतो: काळा-पांढरा, लांब शेपटीचा, उन्हात निळसर-हिरवा चमकणारा. घरांच्या गच्च्यांवर हिल पिजनचे थवे फिरतात. आपल्या पारव्यासारखेच, पण शेपटीवर ठळक पांढरा पट्टा. तो उडताना पाहायला शिका. कावळ्याचे भाऊबंद असलेले काळे कुळकुळीत चफ दोन प्रकारचे असतात, लाल चोचीचे आणि पिवळ्या चोचीचे. चोच दिसली नाही तरी आवाजावरून ते ओळखता येतात, आणि हा फरक शिकायला पडून राहिलेल्या माणसाइतका वेळ कुणाकडेच नसतो. दुपारी ऊन तापलं की हिमालयीन गिधाडं वर चढतात. त्यांच्यात पाचरीसारखी लांब शेपटी दिसली तर तो लॅमरगायर, म्हणजे दाढीवालं गिधाड. हाडं उंचावरून खडकांवर टाकून फोडणारा आणि ती खाणारा.

4. शे: सहलीचा गाभा

तिसऱ्या दिवशी लेहपासून सुमारे 15 किलोमीटरवरच्या शे गावाजवळ सिंधूकाठी जा. पहाटे उठून धावायची गरज नाही. ऊन खोऱ्यात उतरल्याशिवाय ना पक्षी नीट हलतात, ना आपली बोटं. साडेआठ-नऊला पोहोचा. दुपारी तीननंतर वारा सुटतो, तेव्हा आवरा.

इथे दोन गोष्टी शोधायच्या: न गोठलेलं पाणी आणि सीबकथॉर्न, म्हणजे नारिंगी फळांची ती काटेरी झुडपं.

आधी पाणी. सिंधूच्या कडेला बर्फाचे पापुद्रे धरलेले असतात, पण मधला प्रवाह चालू असतो. बाजूच्या पाणथळीत झऱ्यांचे छोटे ओहोळही वाहते राहतात. नदीपात्रातल्या गोट्यांत आयबिसबिल शोधायचा. राखाडी अंग, काळा चेहरा, छातीवर काळा पट्टा आणि खाली वाकलेली लाल चोच. आपल्या कुळात जगात तो एकटाच आहे, त्याला सख्खं कुणी नाही. वर्णन वाचून वाटतं की हा लांबूनच ओळखू येईल. तसं होत नाही. तो राखाडी गोट्यांत राखाडी गोटा होऊन बसतो. त्यासाठी पद्धत अशी: काठापासून दूर, झुडपाच्या आडोशाला बसा. पात्राचा एक तुकडा ठरवा आणि डावीकडून उजवीकडे दुर्बिणीने सावकाश झाडून घ्या. मग तोच तुकडा पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या फेरीत एखादा गोटा चोच पाण्यात खुपसतो.

ओहोळांच्या काठी सॉलिटरी स्नाइप असतो. आपल्याकडच्या पाणलाव्याच्या जातीतला, पण मोठा, एकटा राहणारा. खाताना अंग सतत वरखाली झुलवतो आणि त्या झुलण्यावरूनच दिसतो. ओहोळात पाय घालून फिरलात तर तो पायाखालून उडेल आणि पुन्हा दिसणार नाही. काठावर उभं राहून पाहा. नदीवर मर्गान्सर बदकांची जोडपी पोहताना दिसतील. दगडावर उठाबशा काढून थेट बर्फाळ पाण्यात बुडी मारणारा डिपर पाहिला की मी दर वेळी घड्याळ विसरतो. उणे तापमानात तो पाण्याच्या तळाशी चालून किडे वेचतो.

आता झुडपं. सीबकथॉर्नची नारिंगी फळं हिवाळाभर काट्यांत टिकून राहतात. लडाखात तेव्हा बाकी काहीच पिकत नाही, त्यामुळे अर्धं पक्षिजगत या झुडपांवर जगतं. फळांनी लगडलेलं, ऊन पडलेलं एक झुडूप निवडा, सूर्य पाठीशी घ्या, वीस-पंचवीस पावलांवर बसा आणि अर्धा तास हलू नका. गुल्डेनस्टाट्स रेडस्टार्ट बहुधा सगळ्यात आधी येतो, कारण आपलं झुडूप तो राखून असतो आणि दुसऱ्याला हाकलतो. मग काळ्या गळ्याचा थ्रश, ग्रेट रोझफिंच, खाली पाचोळ्यात चाळवणारा रॉबिन अ‍ॅक्सेंटर. नशीब चांगलं असेल तर फांद्यांच्या गुंत्यात जांभळा-निळा एवढासा जीव सरकतो, तो व्हाइट-ब्राउड टिट-वॉर्बलर. त्याचा फोटो घेण्याच्या नादाला पहिल्या भेटीत लागू नका, डोळे भरून पाहा.

नवखे लोक एका दिवसात शे, ठिकसे, स्पितुक असं सगळं उरकतात. माझं सांगणं असं की तिसरा आणि चौथा, दोन्ही दिवस शेलाच द्या. पहिल्या दिवशी जागा कळते, पक्षी दिसतात दुसऱ्या दिवशी.

काठावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात. एकटं फिरू नका, हातात काठी ठेवा. आणि नदीवरच्या बर्फावर पाऊल टाकू नका, तो कितीही जाड दिसला तरी.

5. उलेला जाताना

पाचव्या दिवशी लेहच्या पश्चिमेला उलेकडे निघा. उले सुमारे 4,000 मीटरवर आहे आणि गाडी गावापर्यंत जाते, म्हणून नवख्यांना हेमिस उद्यानातल्या रुंबाकपेक्षा मी हेच सुचवतो. वाटेत निम्मूला झंस्कार नदी सिंधूला मिळते. तिथले कडे आणि रस्त्याकडेचे उभे कातळ वॉलक्रीपरसाठी पाहा. राखाडी पक्षी कातळावर उंदरासारखा सरकतो आणि मध्येच पंख उघडतो, तेव्हा आतला किरमिजी रंग दिसतो.

उलेत चकोर भेटतो. आपल्या ओव्या-कवितांमधला, चांदणं पिऊन जगणारा. प्रत्यक्षात गोठ्याच्या आसपास धान्य टिपत, दगडांवरून तुरुतुरु पळणारा, लाल चोचीचा धष्टपुष्ट पक्षी. त्याहून वर, बर्फ आणि खडकांच्या सीमेवर रामचकोर, म्हणजे स्नोकॉक. सकाळी त्याची लांबलचक शीळ दरीत घुमते. आवाजाच्या दिशेने स्कोप लावा आणि डोंगराच्या धारेवर शोधा. सोनेरी गरुड इथे रोजचा. आणि स्थानिक वाटाड्या आयबेक्सच्या, म्हणजे डोंगरी रानबोकडांच्या कळपाकडे पाहत अचानक गप्प झाला, तर तुम्हीही गप्प व्हा. या खोऱ्यात हिमबिबट्या आहे.

घरगुती मुक्कामात राहा. आल्यावर "जुले" म्हणा. घरच्या बाईंना "आमा-ले", आजोबांना "मेमे-ले". हा "ले" आपल्या "जी"सारखा आदराचा. चुलीभोवतीच्या खोलीत सगळे एकत्र बसतात, थुक्पा किंवा स्क्यू मिळतो, खमीर रोटी मिळते, मिठाचा लोण्याचा चहा पुन्हा पुन्हा भरला जातो. नळ गोठलेले असतात, पाणी लांबून आणलेलं असतं, म्हणून तांब्याभर पाण्यात भागवा. शौचालय कोरडं असतं. वापरल्यावर फावड्याने माती टाकायची, पाणी ओतायचं नाही.

झोपताना बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, विझवलेली आहे ना आणि खिडकीला फट आहे ना, हे स्वतः पाहा. बंद खोलीत धुमसणारा निखारा माणसाला झोपेतच मारतो. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या, बुखारीची आठवण येत नाही.

उपकरणांचं एक तंत्र इथे नक्की लागेल. बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा आणि दुर्बीण आधी बाहेरच पिशवीत बंद करा आणि तासाभराने उघडा. नाहीतर काचेवर दव धरतं, ते आत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी गोठतं. मफलर नाकावर घेऊन दुर्बिणीतून पाहिलं की श्वास वर येऊन भिंगावर धुकं बसतं, म्हणून पाहताना मफलर खाली ओढा. हीटर लावलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढले तर गरम हवेच्या लाटांमुळे सगळे हललेले येतात. हीटर बंद करा, काचा खाली करा, पाच मिनिटं थांबा.

6. हानले जायचं का?

पहिल्या सहलीत नको, असं माझं मत आहे. हानले लेहपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, 4,300 मीटरच्या आसपास आहे. जानेवारीत रात्री उणे 25-30 अंश आणि जवळ मोठं रुग्णालय नाही. तिबेटी सँडग्राउज, तिबेटी तितर, शिंगचंडोल, स्नोफिंचचे थवे, शिवाय पॅलास मांजर, हे सगळं खरंच तिथे आहे आणि मोह होणारच. पण उलेत तीन रात्री शांत झोप लागली आणि हाताशी आणखी चार दिवस असतील, तरच निघा. आणि काळ्या मानेच्या क्रौंचासाठी मुळीच जाऊ नका. तो लडाखचा राज्यपक्षी हानलेत वीण करतो, पण हिवाळ्यात तिथे नसतो.

हानलेभोवतीच्या चांगथांग पठारावर गाडी रस्ता सोडून घालू देऊ नका. चालकाला हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. पक्षी समोर दिसल्यावर सांगणं जड जातं.

7. पक्ष्याच्या बाजूने

उणे वीसच्या रात्री तगून राहण्यासाठी एवढ्याशा रेडस्टार्टला दिवसाचे सहा-सात उबदार तास मिळतात. त्यात पोट भरलं नाही तर तो सकाळ पाहत नाही. आपण जवळ गेलो, तो उडाला, परत आला, आपण पुन्हा सरकलो: या खेळात त्याचं आयुष्य खर्ची पडतं. म्हणून अंतर राखा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. चांगल्या फोटोसाठी झुडपाच्या फांद्या तोडलेल्या मी पाहिल्या आहेत. ते कुणीही करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

रोजच्या नोंदी संध्याकाळी चुलीपाशी बसून लिहा. शाई गोठते, पेन्सिल न्या. जागा, वेळ, संख्या आणि पक्षी काय खात होता, एवढं पुरे. परत आल्यावर त्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. हिवाळ्यात लडाखला जाणारे मोजके, त्यामुळे "शे, सकाळी दहा, आयबिसबिल 3" एवढी ओळही कामाची ठरते.

8. परतीचा दिवस

आठव्या दिवशी संध्याकाळपर्यंत लेहला परत या आणि सामान आवरून ठेवा. सकाळी विमान निघालं तर उत्तम. आणि बर्फ पडून रद्द झालं तर रांगेत तिकीट पुढच्या दिवसावर करून घ्या, बॅगा खोलीवर टाका आणि टॅक्सीवाल्याला शे सांगा. ताज्या बर्फात झुडपांखालचा पाचोळा झाकला जातो, ओहोळांचा काठ तेवढा उघडा राहतो आणि स्नाइप तिथेच असतो.